पनामा कालवा घरी समजावून सांगायचाय? दोन टब, एक बाटली आणि नळी घेऊन बसा

माझा भाऊ मर्चंट नेव्हीत आहे. दोन वर्षांपूर्वी त्याचा मेसेज आला की आज पनामा क्रॉस केला, आणि त्याच्या लेकीसाठी वेगळी व्हॉइस नोट होती, "बाबा आज जहाजासकट डोंगर चढला आणि पलीकडे उतरला". भाची तेव्हा सहावीत. फोन घेऊन धावत माझ्याकडे आली, आत्या जहाज डोंगर कसं चढेल गं, कालवा म्हणजे खणलेला पाटच ना, आपल्याकडे शेताला असतो तसा? मी तिला पुस्तकातलं सांगितलं, अटलांटिक आणि पॅसिफिक जोडणारा कालवा, लांबी साधारण ८२ किलोमीटर, १९१४ साली सुरू. ती ऐकून गप्प बसली, आणि मुलं अशी गप्प बसली की समजायचं, काही पोचलेलं नाही.

मग एक अख्खा रविवार आम्ही किचनच्या ओट्यावर घालवला आणि तिला तो कालवा करून दाखवला. त्यानंतर सोसायटीतल्या चार-पाच मुलांसमोर परत केला, काही गोष्टी सुधारल्या, आता पद्धत बसलीय म्हणून सगळं लिहून ठेवतेय. मुलांसाठी करा नाहीतर स्वतःसाठी करा, दोन तास लागतात आणि खर्च नळीचा तेवढा.

आधी नकाशा

फोनवर नकाशा उघडा, उत्तर आणि दक्षिण अमेरिका जिथे एका बारीक पट्टीने जोडल्यात तिथे जा आणि मुलांना विचारा की अटलांटिककडून पॅसिफिककडे जाणारं जहाज कुठल्या दिशेला जाईल. सगळी म्हणतात पश्चिमेला. मग झूम करून दाखवा. पट्टी तिथे आडवी वळलेली आहे, त्यामुळे अटलांटिककडच्या कोलोन शहरापासून निघालेलं जहाज आग्नेयेला जातं आणि पॅसिफिकमधे बाहेर पडतं तेव्हा निघाल्या जागेपेक्षा पूर्वेला असतं. पॅसिफिककडच्या पनामा सिटीत उभं राहिलं तर सूर्य पॅसिफिकमधून उगवताना दिसतो. एवढं एक दाखवलं की मुलं पुढचं नीट ऐकतात, कारण त्यांना कळतं की इथे अंदाज चालत नाही, बघावं लागतं.

आता बोट न्यूयॉर्कवर ठेवा आणि सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत समुद्रातूनच न्यायला सांगा, कालवा नाही असं समजून. बोट खाली खाली जात ब्राझील, अर्जेंटिना करत पार दक्षिणेच्या टोकाला केप हॉर्नला वळसा घालतं आणि मग तेवढंच परत वर येतं. २० हजार किलोमीटरच्या वर भरतं. कालव्यातून गेलं तर दहा हजारांच्या आत. केप हॉर्नचा समुद्र म्हणजे वारा, थंडी, डोंगराएवढ्या लाटा, कित्येक जहाजं तिथे बुडालीत. १८९८ मधे स्पेनशी युद्ध सुरू होत होतं तेव्हा अमेरिकेची ओरेगॉन नावाची युद्धनौका सॅन फ्रान्सिस्कोहून निघाली, तिला फ्लोरिडाला पोचायला ६६ दिवस लागले. तोवर कालवा हवा असं व्यापारी म्हणत होते, ओरेगॉननंतर अमेरिकेचं आरमारही म्हणायला लागलं. कालवा कशासाठी याचं उत्तर या दोन गोष्टींत आहे, माल आणि आरमार, आणि मुलांना दोन्ही सांगा, कारण नुसता व्यापार सांगितला तर पुढचा इतिहास, सैन्य, करार, गोळीबार, हे सगळं कुठून आलं ते कळतच नाही.

इथे मुलं हमखास विचारतात, आपली मुंबईची जहाजं पण तिथूनच जातात का. सहसा नाही. न्हावाशेवाहून न्यूयॉर्कला जाणारा कंटेनर सुएझमार्गे जातो, आणि २०२३ च्या शेवटी तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाल्यापासून बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली. पनामाचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे अमेरिका, चीन, जपान, दक्षिण अमेरिकेचा पश्चिम किनारा. आपला संबंध आहे तो माणसांचा, कोकणातली, मुंबईची कितीतरी पोरं जहाजांवर आहेत आणि त्यांच्या जहाजाच्या मागे पनामा असं नाव रंगवलेलं असतं, कारण जगातली ढीगभर जहाजं त्या देशाचा झेंडा लावतात. भावाच्या पहिल्या जहाजाचा फोटो बघून आईला वाटलं होतं पोरगा पनामालाच गेला.

नकाशातलं शेवटचं काम. कालव्याच्या मधोमध झूम करा. तिथे पाट नाहीये, तळं आहे. वेडंवाकडं पसरलेलं मोठं तळं आणि त्यात ठिपक्याठिपक्यांची बेटं. हे गातून तळं, सुमारे ४२५ चौरस किलोमीटर. ती बेटं म्हणजे बुडालेल्या डोंगरांचे माथे. हे दिसलं की नकाशा बंद करा आणि ओट्याकडे चला.

सामान आणि मांडणी

एक पसरट टब किंवा परात, हा समुद्र. दोन लिटरची रिकामी कोल्ड्रिंकची बाटली, वरचा निमुळता भाग कापून टाकलेला, हे लॉक, म्हणजे पाण्याची खोली. आणखी एक टब, शक्यतो मोठा आणि पारदर्शक, हे तळं. फिश टँकच्या दुकानात पातळ पारदर्शक नळी मिळते ती दीड-दोन मीटर, तिचे दोन तुकडे. कपड्यांचे चिमटे दोन-तीन. आइस्क्रीमच्या चमच्याची नाहीतर थर्माकोलची इवलीशी होडी जी बाटलीत आरामात तरंगेल. मार्कर पेन. आणि एक अंडं आणि मीठ, ते शेवटी लागतं.

परात ओट्यावर ठेवा, त्यात दोन-तीन बोटं पाणी. बाटली परातीच्या शेजारी, परातीत नाही. मोठा टब पुस्तकांच्या नाहीतर डब्यांच्या थप्पीवर असा ठेवा की त्यातल्या पाण्याची पातळी बाटलीच्या वरच्या कडेपेक्षा थोडी खाली येईल. हे महत्त्वाचं आहे, पाणी कडेच्या वर राहिलं तर बाटली उतू जाऊन ओटा भिजतो, आमचा पहिल्या वेळी भिजला. बाटलीतही खाली दोन-तीन बोटं पाणी, परातीतल्या पातळीएवढंच, आणि त्यात होडी.

आता नळी पूर्ण पाण्याने भरायची, आत हवेचा बुडबुडा राहता कामा नये, नळी बादलीत बुडवून ठेवली की भरते. दोन्ही टोकं बोटाने दाबून एक टोक वरच्या टबात तळाशी, दुसरं बाटलीत तळाशी. मधे नळी दुमडून चिमटा लावा, हा झाला व्हॉल्व्ह. दुसरी नळी तशीच भरून बाटलीतून परातीत, तिलाही चिमटा. नुसता चिमटा लावला तर पाणी झिरपत राहतं, नळी आधी दुमडायची आणि मग चिमटा.

वरचा चिमटा काढा. तळ्यातलं पाणी बाटलीत येतं, होडी हळूहळू वर चढायला लागते आणि बाटलीतली पातळी तळ्याएवढी झाली की पाणी आपोआप थांबतं. मुलांना इथे काही सांगू नका, बघू द्या. भाची एकदम म्हणाली, आत्या थांबलं, कोणी थांबवलं? कोणीच नाही. पाणी आपली पातळी आपण गाठतं. मग वरचा चिमटा परत लावा आणि खालचा काढा, होडी परातीच्या पातळीला उतरते.

बस्स, पनामा कालवा हा एवढाच आहे. खऱ्या कालव्यातही पंप नाही, पाणी उताराने येतं. भिंतींच्या पोटातून आगगाडी जाईल एवढे मोठे बोगदे आहेत, त्यातून पाणी तळाच्या भोकांमधे येतं आणि सुमारे आठ मिनिटांत ३०५ मीटर लांब, ३३.५ मीटर रुंद अशी खोली भरते. अटलांटिककडून आलेलं जहाज गातूनच्या तीन पायऱ्या, म्हणजे अशा तीन खोल्या, चढून २६ मीटर वर जातं, म्हणजे आठ-नऊ मजली बिल्डिंगच्या गच्चीवर, तिथे तळ्यातून पोहत जातं, डोंगर फोडून केलेल्या कुलेब्राच्या खिंडीतून पुढे सरकतं, मग पेद्रो मिगेलला एक पायरी आणि मिराफ्लोरेसला दोन पायऱ्या उतरून पॅसिफिकला लागतं. सगळं धरून आठ ते दहा तास. भावाने डोंगर चढलो म्हटलं ते शब्दशः खरं होतं.

एक गैरसमज इथेच काढून टाका. पुष्कळ जण सांगतात की दोन समुद्रांची पातळी वेगळी आहे म्हणून लॉक लागतं. तसं नाही. पॅसिफिकच्या बाजूला भरती-ओहोटीचा फरक मोठा आहे, सहा मीटरपर्यंत जातो, अटलांटिककडे फूट-दोन फूट, पण सरासरी पातळीत जेमतेम वीतभर फरक. पायऱ्या आहेत त्या मधल्या डोंगरामुळे.

आता मार्कर घ्या, खरी गोष्ट इथे आहे

वरच्या टबावर पाण्याच्या पातळीला रेघ मारा. होडी चढवा, उतरवा. परत रेघ मारा. परत चढवा, उतरवा. चार वेळा झालं की टबावर चार रेघा दिसतात, एकाखाली एक, आणि परात भरत आलेली असते. मुलांना विचारा, तळ्यातलं पाणी कुठे गेलं? समुद्रात. परत येईल? नाही. मग तळं परत भरणार कोण?

पाऊस. उत्तर हेच, आणि मला हा सगळा प्रयोग या एका उत्तरासाठी करावासा वाटतो. दोन महासागर जोडणारा कालवा खाऱ्या पाण्यावर चालत नाही, तो गोड्या पाण्यावर, पावसाच्या पाण्यावर चालतो. जुन्या लॉकमधून एक जहाज या समुद्रातून त्या समुद्रात गेलं की सुमारे २० कोटी लिटर गोडं पाणी समुद्राला मिळतं. आपल्या भाषेत सांगायचं तर दहा हजार लिटरचे वीस हजार टँकर, एका जहाजामागे. आणि त्याच तळ्यातून पनामा सिटी आणि कोलोनला प्यायचं पाणी जातं, म्हणजे देशातल्या निम्म्याहून जास्त लोकांना.

आम्ही चिपळूणचे, त्यामुळे हे मला लगेच आतपर्यंत पोचलं. कोयनेचं पाणी वीज करून वाशिष्ठीत येतं आणि समुद्राला मिळतं, आमच्या डोळ्यासमोरून जातं रोज. धरण बांधलं, गावं बुडाली, माणसं उठली, पाणी काम करून समुद्रात गेलं, ही गोष्ट आपल्याला सांगावी लागत नाही. गातून तळ्याखाली पण गावं गेलीत. चाग्रेस नदीकाठची जुनी वस्ती, जुनी रेल्वेलाइन, बाजार, सगळं हलवलं आणि १९१३ पर्यंत पाणी चढत गेलं. मुलांना हे सांगा, तळं रिकाम्या जागेवर झालं नव्हतं.

त्याच सामानावर इतिहास सांगा

इतिहास वेगळा शिकवू नका. टब, बाटली समोर असतानाच सांगा, सनावळ्या मग आपोआप जागेवर बसतात.

१५१३ मधे बाल्बोआ नावाचा स्पॅनिश माणूस ही पट्टी चालत ओलांडून पॅसिफिकपर्यंत गेला, आणि १५३४ मधे स्पेनच्या राजाने इथून जलमार्ग होईल का याची पाहणी करायला सांगितली होती. मधली तीनशे वर्षं पटकन सोडून द्या. १८४९ ला कॅलिफोर्नियात सोन्याची धावपळ, लोकांना पूर्व किनाऱ्यावरून पश्चिमेला लवकर पोचायचं होतं, म्हणून १८५५ मधे पनामात रेल्वे झाली, एका समुद्रापासून दुसऱ्यापर्यंत. ही रेल्वे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी आहे.

मग आला फर्डिनांड द लेसेप्स. यानेच सुएझ केला होता, १८६९ ला सुरू झाला, सपाट वाळवंट, एकही लॉक नाही, समुद्राचं पाणी सरळ आरपार. त्याला वाटलं पनामातही तेच करू. इथे तुम्ही वरचा टब आणि बाटली बाजूला काढून ठेवा, नुसती परात राहू द्या, आणि म्हणा की लेसेप्सला एवढंच हवं होतं. मधे डोंगर, सर्वात खालची खिंड सुद्धा समुद्रापासून ६४ मीटर उंच, आणि तो पूर्ण कापून समुद्राच्या खाली न्यायचा. वर चाग्रेस नदी आडवी येते, पावसात काही तासांत कित्येक मीटर चढणारी. तिचं काय करायचं याला त्याच्याकडे नीट उत्तर नव्हतं.

मला सगळ्यात चुटपुट लावणारी गोष्ट अशी की उत्तर तेव्हाच मिळालं होतं. १८७९ मधे पॅरिसला मोठी परिषद भरली होती, तिथे गोदँ द लेपिने नावाचा फ्रेंच इंजिनिअर उठून म्हणाला की नदीशी भांडू नका, तिला धरण घाला, तळं करा, जहाजं तळ्यावर चढवा. म्हणजे आपला वरचा टब! पण लेसेप्सचं नाव मोठं, मतदान त्याच्या बाजूने गेलं. १८८१ मधे काम सुरू झालं. चिखल खणावा तेवढा वरून घसरत होता, आणि माणसं मलेरिया आणि पिवळ्या तापाने मरत होती, साधारण २२ हजार माणसं त्या काळात गेली असं मानतात. शेवटी शेवटी लेसेप्सने लॉकला होकार दिला, काम आयफेलला दिलं, तोच आयफेल टॉवरवाला, पण उशीर झाला होता. १८८९ ला कंपनी बुडाली, फ्रान्समधल्या लाखो साध्या लोकांची बचत गेली, पुढे लाचेची प्रकरणं बाहेर आली, कोर्टकचेऱ्या झाल्या. इतकं सगळं होऊन कुलेब्राचा माथा फ्रेंचांनी किती उतरवला होता? ६४ वरून ५९ मीटरवर.

डासांची गोष्ट वगळू नका

फ्रेंचांनी पनामा सिटीला लागून अँकॉनला चांगलं हॉस्पिटल बांधलं होतं. मुंग्या चढू नयेत म्हणून खाटांचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायचे, आपण दुधाचं भांडं ठेवतो ना तसं. त्या वाट्यांत डास वाढत होते आणि शेजारच्या खाटेवरच्या माणसाला चावत होते. कोणालाच माहीत नव्हतं. ताप घाणेरड्या हवेतून येतो असं तेव्हा समजत. मलेरिया डासातून जातो याचा पुरावा रोनाल्ड रॉसला आपल्याकडे, सिकंदराबादला, १८९७ मधे मिळाला. पिवळ्या तापाचा डास क्यूबाच्या कार्लोस फिनलेने आधीच ओळखला होता, १९०० मधे वॉल्टर रीडच्या टीमने ते सिद्ध केलं. म्हणून १९०४ मधे अमेरिकेने काम हातात घेतलं तेव्हा विल्यम गॉर्गस नावाच्या डॉक्टरने आधी डास मारले, घराघरात धुरी, खिडक्यांना जाळ्या, डबक्यांवर तेल, आणि शहरात नळाचं पाणी आणलं म्हणजे लोकांना पिंपात साठवावंच लागू नये. १९०५ संपेपर्यंत पनामा सिटीतला पिवळा ताप थांबला.

आमच्याकडे पुरानंतर आरोग्य खात्याची माणसं घरोघर येऊन पिंपं, कुंड्यांखालच्या ताटल्या उपड्या करायला लावतात, कोरडा दिवस पाळा म्हणतात. मी भाचीला म्हटलं, हेच गॉर्गसचं काम. तिला ते एकदम पटलं, कारण आरोग्य खात्याच्या ताईला तिने बघितलेलं होतं.

अमेरिकेने काय केलं, नीट सांगा, दोन्ही बाजू

आता टब आणि बाटली परत जागेवर ठेवा. जॉन स्टीव्हन्स हा रेल्वेचा माणूस १९०५ मधे चीफ इंजिनिअर झाला आणि त्याने दोन गोष्टी केल्या. एक, लॉक आणि तळं हेच बरोबर आहे हे वॉशिंग्टनला पटवलं. दुसरं, खणण्यापेक्षा खणलेली माती हलवणं हे खरं काम आहे हे ओळखलं आणि ती जुनी रेल्वे नव्याने बांधून घेतली, मातीच्या गाड्यांच्या रांगा लागल्या. त्याच डोंगराच्या मातीतून पुढे समुद्रात बांध घातले गेले. १९०७ ला गोथल्स नावाचा लष्करी इंजिनिअर आला आणि त्याने शेवटापर्यंत नेलं. गातूनचं धरण सव्वादोन किलोमीटरच्या वर लांब आणि पायाशी सुमारे ८०० मीटर जाड, मातीचं. १५ ऑगस्ट १९१४ ला अँकॉन नावाचं जहाज अधिकृतपणे पहिलं पार झालं. युरोपात महायुद्ध पेटलेलं, बातमीकडे फारसं कोणी बघितलंही नाही.

पण हे सांगताना थांबू नका. खणणारे हात बहुतेक कॅरिबियन बेटांवरचे होते, एकट्या बार्बाडोसमधून हजारो आले. गोऱ्या अमेरिकनांना पगार सोन्याच्या नाण्यात, काळ्या मजुरांना चांदीच्या, आणि त्यावरून सगळंच वेगळं, घरं वेगळी, जेवणाच्या जागा वेगळ्या, पोस्टाच्या खिडक्या सुद्धा वेगळ्या. अमेरिकी काळात नोंद असलेले मृत्यू ५,६०९, आणि त्यातले बहुसंख्य हेच चांदीवाले, सुरुंगात, दरडीखाली, न्यूमोनियाने. पुस्तकात इंजिनिअरांची नावं येतात, यांची येत नाहीत, म्हणून मी मुलांसमोर हा भाग कधी गाळत नाही.

आणि जमीन कशी मिळाली? पनामा तेव्हा कोलंबियात होता. कोलंबियाच्या सिनेटने अमेरिकेबरोबरचा कालव्याचा करार फेटाळला, काही महिन्यांत, ३ नोव्हेंबर १९०३ ला, पनामा स्वतंत्र झाला, आणि अमेरिकी युद्धनौका किनाऱ्यावर उभी होती. पंधरा दिवसांत करार झाला आणि पनामाच्या वतीने सही कोणी केली तर ब्युनो-व्हारिया नावाच्या फ्रेंच माणसाने, जुन्या बुडालेल्या कंपनीचा इंजिनिअर. पनामाने करारासाठी पाठवलेली माणसं अजून वाटेतच होती. कालव्याच्या दोन्ही बाजूंची मिळून १६ किलोमीटर रुंदीची पट्टी अमेरिकेकडे, कायमची. स्वतःच्या देशाच्या मधोमध दुसऱ्याचं कुंपण. ९ जानेवारी १९६४ ला पनामाचे विद्यार्थी त्या पट्टीत आपला झेंडा लावायला गेले, दंगल झाली, गोळीबारात वीसहून जास्त पनामावासी मेले, तो दिवस तिथे अजून हुतात्म्यांचा म्हणून पाळतात. १९७७ मधे पनामाचे नेते तोरिहोस आणि अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर यांच्यात करार झाला आणि ३१ डिसेंबर १९९९ ला दुपारी कालवा पनामाचा झाला.

संध्याकाळी कॅमेरा लावा

कालव्याचं प्राधिकरण लॉकवरचे लाइव्ह कॅमेरे नेटवर दाखवतं. आपण पनामाच्या साडेदहा तास पुढे, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेसात वाजले की तिकडे सकाळचे नऊ. जेवणं आटपून बघायला बरोबर वेळ. मिराफ्लोरेस लावा आणि मुलांना तीन गोष्टी शोधायला सांगा.

जहाज आणि भिंत यातली फट. जुन्या लॉकला जास्तीत जास्त ३२.३१ मीटर रुंदीचं जहाज चालतं, म्हणजे दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट. घराच्या दारातून कपाट नेताना आपण जसे श्वास रोखतो तसं, फक्त कपाट तीनशे मीटरच्या जवळपास लांब. दुसरं, भिंतीवर रुळांवरून चालणारी छोटी इंजिनं, त्यांना तिथे खेचरं म्हणतात. ती जहाजाला ओढून नेत नाहीत, जहाज स्वतःच्या इंजिनावर जातं, खेचरं तारांनी त्याला मधोमध धरून ठेवतात. तिसरं, दरवाजे. दोन पानांचे, मिटल्यावर टोक तळ्याच्या बाजूला येतं असे, म्हणजे पाण्याचा दाब जेवढा जास्त तेवढा दरवाजा घट्ट. आतून पोकळ असल्याने ते पाण्यात जवळजवळ तरंगतात आणि लहान मोटरने फिरतात. भाऊ सांगतो तिथे पायलट चढला की जहाज चालवायचा हुकूम पूर्णपणे त्याचा, बाकी बंदरात पायलट सल्ला देतो आणि जबाबदारी कॅप्टनची राहते.

नवं लॉक बघायचं तर आग्वा क्लारा किंवा कोकोली लावा. २०१६ मधे सुरू झाली, ४२७ मीटर लांब आणि ५५ मीटर रुंद, तिथे खेचरं नाहीत, पुढे-मागे टग बोटी असतात आणि दरवाजे बाजूला सरकतात.

अंडं आता काढा. साध्या पाण्यात बुडतं, पाण्यात मीठ विरघळवत गेलात की तरंगायला लागतं. समुद्रातून गोड्या तळ्यात आलेलं जहाज असंच थोडं जास्त खोल बसतं, म्हणून कालव्यातली खोलीची मर्यादा गोड्या पाण्यातलीच धरतात. २०२३ मधे पाऊस फार कमी झाला, एल निनोचं वर्ष, तळं उतरलं. मोठ्या जहाजांना ५० फूट खोल बसायची परवानगी होती ती ४४ वर आणली, म्हणजे कंटेनर उतरवून हलकं व्हा. रोज ३६-३८ जहाजं जायची ती २२-२४ पर्यंत आणली. बाहेर रांगा लागल्या, आणि लिलावात एका जहाजाच्या कंपनीने नंबर लवकर लागावा म्हणून जवळपास ४० लाख डॉलर मोजले. आपल्या टबावरच्या त्या चार रेघा, तेच.

मोठ्या मुलांसाठी अजून एक डबा

आठवी-नववीची मुलं असतील तर पाणी वाचवायला लावा. बाटलीएवढ्याच जाडीचा अजून एक रिकामा डबा घ्या आणि तो असा ठेवा की त्याचा तळ बाटलीतल्या चढ-उताराच्या एक तृतीयांश उंचीवर येईल. होडी उतरवताना पाणी थेट परातीत सोडू नका, आधी या डब्यात सोडा, पातळ्या जुळल्या की थांबेल, मग उरलेलं परातीत. पुढच्या वेळी चढवताना आधी डब्यातलं पाणी बाटलीत, मग कमी पडेल तेवढंच तळ्यातून. तिसरा हिस्सा पाणी वाचतं. नव्या लॉकमधे प्रत्येक खोलीला असे तीन हौद जोडलेत, त्यामुळे ६० टक्के पाणी परत वापरलं जातं. तीन डबे लावून ६० टक्के कसे येतात हे कागदावर करायला द्या, अर्धा तास शांतता मिळते.

भाचीने एकच डबा लावला होता आणि चार फेऱ्यांनंतर रेघा मोजून बघितल्या. मग तिने बाबाला व्हॉइस नोट पाठवली, तुमच्या जहाजाने किती पाणी घेतलं ते विचारून सांगा. पाच दिवसांनी रेंज आल्यावर त्याचं उत्तर आलं, विचारतो.